लघुग्रहावर खदान लावणे परवडेल का? भरवेली-मलाजखंडच्या हिशेबाने समजून घ्या

बालाघाट (वार्ताहर) : मोबाइलवर अधूनमधून एक मेसेज फिरत येतो. अंतराळात ‘१६ सायकी’ नावाचा लघुग्रह आहे, त्यात इतके धातू आहेत की तो विकला तर पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल. इतर जिल्ह्यांत लोक हा मेसेज वाचतात, पुढे पाठवतात आणि विसरतात. बालाघाटात मात्र त्याच्यामागे एक प्रश्न लागतो. “मग आपल्या भरवेलीचं काय? मलाजखंड बंद पडणार का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भरवेली, उकवा, तिरोडी, मलाजखंड या भागांत घराघराची चूल खदानीच्या पगारावर पेटते. मुलाला मायनिंगचा डिप्लोमा करू द्यावा की नाही, हे ठरवणारे आईबापही असे मेसेज वाचतात. म्हणून विषय नीट समजून घेऊ. मी कॉमर्सचा माणूस, रॉकेटशास्त्र माझा प्रांत नाही. पण खदान आकाशात असो की बैहर तहसिलीत, शेवटी जमा-खर्चाची वही एकच असते.

थोडक्यात सांगायचे तर :

• लघुग्रहांवर धातू आहेत, काहींवर खनिजांत बांधलेले पाणीही आहे.
• आजवरच्या सगळ्या मोहिमांनी मिळून तिथून आणलेला माल १५० ग्रॅमपेक्षाही कमी भरतो.
• बालाघाटचे दोन मुख्य धातू, मँगनीज आणि तांबे, लघुग्रहांवर आपल्यापेक्षा कितीतरी विरळ आहेत.
• धंदा सुरू झालाच तर तो आधी पाण्याचा असेल, आणि गिऱ्हाईकही अंतराळातच असेल.

लघुग्रह म्हणजे काय?

सूर्यमाला तयार होताना ग्रहांत सामावले न गेलेले दगड-धातूचे तुकडे म्हणजे लघुग्रह. बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरतात. काही मात्र पृथ्वीच्या कक्षेजवळून जातात, आणि खदानीची चर्चा मुख्यतः या जवळच्यांचीच असते.

ढोबळमानाने तीन प्रकार. पहिले काळपट, कार्बन आणि मातीसारखी खनिजे असलेले. यांत पाणी बांधलेले असते. दुसरे दगडी. तिसरे धातूचे, म्हणजे लोखंड आणि निकेलचे. सायकी या तिसऱ्या प्रकारात मोडतो. १८५२ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ दे गास्पारिस यांनी तो शोधला. त्याचा सरासरी व्यास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी तो जवळजवळ सगळा धातूचाच मानला जायचा. नव्या मोजमापांनुसार धातू ३० ते ६० टक्के असावा, बाकी दगड. नासाचे ‘सायकी’ यान १३ ऑक्टोबर २०२३ ला निघाले असून २०२९ मध्ये तिथे पोचायचे आहे. तेही फक्त पाहणीसाठी. माल आणण्याची त्यात सोयच नाही.

आजवर किती माल आला?

तीन मोहिमांनी लघुग्रहावरून नमुने आणले.

१) जपानचे हायाबुसा, इटोकावा लघुग्रहावरून, जून २०१० : डोळ्याला न दिसणारे सुमारे दीड हजार कण, सगळे मिळून एक मिलिग्रॅमही नाही.

२) जपानचे हायाबुसा-२, र्‍युगूवरून, डिसेंबर २०२० : ५.४ ग्रॅम.

३) नासाचे ओसायरिस-रेक्स, बेन्नूवरून, २४ सप्टेंबर २०२३ : १२१.६ ग्रॅम.

बेन्नू मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. भागाकार करा, एका ग्रॅममागे ८० लाख डॉलरपेक्षा जास्त. आपल्याकडचे उदाहरण चंद्राचे आहे. चंद्रावरून सुमारे ३ किलो माती-दगड आणण्यासाठी चांद्रयान-४ ला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे ग्रॅममागे सुमारे ७० लाख रुपये, आणि चंद्र तर आपल्या अंगणातला.

या मोहिमा शास्त्रासाठी होत्या, धंद्यासाठी नव्हत्या, हे खरे. पुढे खर्च कमी होईल हेही खरे. पण ग्रॅमवरून टनावर जायचे म्हणजे दहा लाख पट वाढ. दर किती खाली यावा लागेल याचा अंदाज त्यावरून येतो.

मुद्दा पहिला : धातू असणे वेगळे, खदानीजोगा असणे वेगळे

इथेच मेसेज लिहिणाऱ्यांची गल्लत होते. धातू थोडाफार सगळीकडेच असतो, आपल्या धानाच्या बांधीतल्या मातीतही लोह आहे. खदान लागते ती धातू एका जागी साचला असेल तिथेच.

भरवेलीच्या चांगल्या दर्जाच्या मालात मँगनीज ४० टक्क्यांहून जास्त असते. हा साठा अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचला, नंतर दाबाने आणि उष्णतेने शिजून निघाला. बालाघाटपासून भंडारा-नागपूरपर्यंत जो मँगनीजचा पट्टा जातो, तो सगळा याच घडामोडीतून आलेला. मलाजखंडचे तांबे ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या शिरांत गरम द्रवांनी आणून ठेवले. तिथे तांबे साधारण एक टक्का, म्हणजे टनामागे १० किलोच्या आसपास.

आता आकाशातून पडलेल्या अशनी पाहू, कारण लघुग्रहांचे तुकडे म्हणजेच अशनी. दगडी अशनीत मँगनीज अर्धा टक्काही भरत नाही. लोखंडी अशनीत तर ते नावालाच. लोखंडी अशनीतले तांबे टनाला काही शे ग्रॅम, मलाजखंडच्या पासंगालाही पुरणार नाही.

याचे कारण पाणी. पृथ्वीने पाणी, उष्णता आणि कोट्यवधी वर्षे खर्चून धातू गोळा करून ठेवले. लघुग्रहांवर पाण्याचे वाहणे फार काळ टिकले नाही, त्यामुळे आपल्यासारखे साठे तिथे तयार झाले नाहीत. कॅनडातल्या सडबरीचे उदाहरण बोलके आहे. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी तिथे प्रचंड आघात झाला. आज तिथे निकेल-तांब्याच्या मोठ्या खदानी आहेत. पण तो धातू मुख्यतः पृथ्वीच्याच कवचातला. आघाताने खडक वितळला आणि धातू खाली साचला.

लघुग्रहांची बाजू भक्कम आहे ती निकेल, कोबाल्ट आणि प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंत. दक्षिण आफ्रिकेच्या खदानीत हे मौल्यवान धातू टनाला तीन ते सहा ग्रॅम मिळतात. काही लोखंडी अशनींत त्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणून कंपन्या प्लॅटिनमचे नाव घेतात, मँगनीजचे कोणी घेत नाही.

मुद्दा दुसरा : खोदायचे कसे?

भरवेलीची खदान साडेतीनशे मीटरपेक्षा खोल गेलेली, आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खदानींत तिची गणती होते. तिथे पाळीवर उतरलेल्या कोणालाही विचारा, काम निम्मे दगडाच्या वजनावर चालते. सुरुंग उडाला की दगड खाली पडतो, तो भरून वर आणतात. रिकाम्या जागेत रेती भरतात, म्हणजे छत खाली येत नाही.

लघुग्रहावर दगडाला वजनच नाही. बेन्नू साधारण अर्धा किलोमीटर रुंद. त्याच्यावरून सेकंदाला वीतभर वेगाने उडालेला खडा परत येत नाही, कायमचा जातो. तिथे सुरुंग लावला तर माल अंतराळात पसरेल. २० ऑक्टोबर २०२० ला यानाचा हात बेन्नूला टेकला तेव्हा पृष्ठभाग रेतीच्या ढिगासारखा दबला आणि हात अर्धा मीटर आत गेला. डब्याच्या झाकणात दगड अडकले आणि काही नमुना बाहेर निसटला. त्या दिवशी पृथ्वीवरचा संदेश तिथे पोचायला साडेअठरा मिनिटे लागत होती. म्हणजे गडबड झाली तर ‘थांबा’ म्हणायलाही कोणी नाही, मशीननेच ठरवायचे.

पुढचा प्रश्न माल साफ करण्याचा. मलाजखंडहून कच्चा दगड बाहेर जात नाही. तो दळून, पाणी आणि रसायनांत घोळून, फेसावर तांब्याचे कण वर आणतात आणि कॉन्सन्ट्रेट पाठवतात. शंभर टन दगडाचे भाडे कोण भरणार? लघुग्रहावर तर हे आणखी गरजेचे. पण बुडबुडा वर येतो तो गुरुत्वामुळे. जिथे ‘वर’ आणि ‘खाली’ नाही, तिथे फेसाची युक्ती चालत नाही. म्हणजे अख्खी पद्धत नव्याने शोधावी लागेल.

मुद्दा तिसरा : भाडे आणि व्याज

सातपुड्यातले मँगनीज जमिनीत आधीपासूनच होते. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी स्थापन झाली, तिचीच वारस आजची मॉयल. पण इथला माल जहाजापर्यंत मोठ्या प्रमाणात जाऊ लागला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया-जबलपूर छोटी लाइन आल्यावर. खदान आणि बाजार यांच्या मधला रस्ताच धंदा ठरवतो.

अंतराळाचा रस्ता सध्या असा आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत सामान पोचवायचा स्वस्तातला दर किलोमागे दोन-तीन हजार डॉलर. लघुग्रहापर्यंत जाणे, तिथे थांबणे, परत येणे आणि शेवटी वातावरणात जळू नये म्हणून कवच घालून उतरणे, हे सगळे वेगळे. उलट बाजूला तांब्याचा भाव किलोला हजार रुपयांच्या आसपास आणि मँगनीजचा माल तर टनाला काही हजार रुपयांचा. भाड्याच्या एका दिवसाच्या व्याजातही तो बसणार नाही.

व्याजाचे नाव निघाले म्हणून. ओसायरिस-रेक्सला जाऊन यायला सात वर्षे लागली, हायाबुसा-२ ला सहा. दहा टक्के चक्रवाढ व्याजाने आणलेले १०० रुपये सात वर्षांत १९५ होतात. म्हणजे यान सुखरूप परत आले तरी दुपटीच्या जवळ माल विकल्यावर मुद्दल सुटेल, नफा त्याच्या पुढे. यान वाटेत हरवले तर काहीच नाही.

मुद्दा चौथा : भाव टिकेल का?

समजा प्लॅटिनम आणले. जगभरच्या खदानींतून वर्षाला २०० टनांच्या आतच प्लॅटिनम निघते. एका फेरीत १०० टन बाजारात टाकले तर भाव कोसळणार. चिन्नोर तांदळाला दर मिळतो कारण तो थोडा पिकतो. सगळ्या बांध्यांत चिन्नोर लावला तर व्यापारी साध्या धानाचा भाव सांगेल. ‘सायकीची किंमत अमुक लाख कोटी’ हे आकडे आजच्या भावाला टनांनी गुणून काढलेले आहेत. एवढा माल घेणारा जगात कोणी नाही.

मग परवडेल काय?

पाणी. ऐकायला गंमत वाटेल, पण तज्ज्ञांचा भर यावरच आहे. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले की रॉकेटचे इंधन तयार होते. कक्षेत एक लिटर पाणी पृथ्वीवरून न्यायचे तर दोन लाख रुपयांच्या घरात खर्च येतो. तेच वरच मिळाले तर ते वाचते, आणि पृथ्वीवर उतरवायची कटकटही नाही. काळपट लघुग्रहांत असे पाणी आहे, र्‍युगू आणि बेन्नूच्या नमुन्यांनी ते पक्के केले.

अडचण एकच, गिऱ्हाईक. कक्षेत इंधनाचे पंप नाहीत, पाणी विकत घेणारी वस्ती नाही. जी होईल तिला चंद्राच्या ध्रुवावरचे बर्फ जवळ पडेल. शिवाय रॉकेटचे भाडे जसजसे उतरेल, तसतसा पृथ्वीवरून नेलेल्या पाण्याचाही दर उतरेल. लघुग्रहाच्या खदानीला स्वस्त रॉकेट हवे, आणि स्वस्त रॉकेटच तिचा नफा खाते. हा पेच अजून सुटलेला नाही.

आधी ज्यांनी नाद केला त्यांचे काय झाले?

आकाशातल्या लोखंडासाठी पहिली कंपनी काढली ती अमेरिकेतले मायनिंग इंजिनीअर डॅनियल बॅरिंजर यांनी, १९०३ मध्ये. ॲरिझोनातल्या मोठ्या विवराखाली कोट्यवधी टन लोखंड पुरलेले आहे, असा त्यांचा हिशेब. पाव शतक भोके पाडली. १९२९ मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडले, की आलेला गोळा सुमारे तीन लाख टनांचाच होता आणि बराचसा आघातातच नष्ट झाला. त्याच वर्षी बॅरिंजर वारले. खाली साठा मिळालाच नाही.

आपले लोणार तेच सांगते. बुलढाणा जिल्ह्यातले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आघाताच्या खुणा खडकात मिळाल्या, पण धातूचा गोळा तळाशी सापडला नाही.

मँगनीजपुरते बोलायचे तर आकाशापेक्षा समुद्र जवळचा. २६ जानेवारी १९८१ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजचे गोळे वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे शोधासाठी आहे. खोली पाच किलोमीटरच्या आसपास. चाळीस वर्षे उलटली, तरी जगात कुठेही या गोळ्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झालेले नाही. पाच किलोमीटर खालचा माल परवडत नसेल, तर कोट्यवधी किलोमीटर दूरचा कधी परवडेल?

अलीकडच्या कंपन्यांचे सांगायचे तर ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ २०१२ मध्ये मोठ्या धनिकांच्या पाठबळावर गाजावाजात पुढे आली. २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने ती घेतली. ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ २०१९ मध्ये विकली गेली. आता ‘ॲस्ट्रोफोर्ज’चे नाव आहे. तिचे ‘ओडिन’ यान फेब्रुवारी २०२५ मध्ये सुटले, पण संपर्क तुटला. या कंपन्यांपैकी एकीनेही आजवर ग्रॅमभर माल आणलेला नाही.

मालकी कोणाची, रॉयल्टी कोणाला?

१९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश आकाशातल्या जागेवर आपला झेंडा रोवून मालकी सांगू शकत नाही. भारत त्या कराराचा सदस्य आहे. पण तिथून काढलेला माल कोणाचा, यावर करार स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदा करून काढणाऱ्याला हक्क दिला. भारताच्या अंतराळ धोरण २०२३ मध्येही खासगी कंपनीला लघुग्रहावरचा माल काढण्याची, बाळगण्याची आणि विकण्याची मुभा आहे, कायदा आणि आंतरराष्ट्रीय बंधने पाळून. जून २०२३ मध्ये भारताने आर्टेमिस करारावरही सही केली.

आपल्या दृष्टीने एक फरक मोठा आहे. जमिनीवरच्या खदानीतून राज्याला रॉयल्टी मिळते. २०१५ पासून डीएमएफमध्ये त्याचा वाटा येतो. त्यातून खदान भागातल्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना व्हाव्यात अशी तरतूद आहे. तो पैसा कुठे आणि कसा खर्च होतो यावर भांडता येते, ग्रामसभेत विचारता येते. आकाशात ग्रामसभा नाही. तिथला माल ज्याचे रॉकेट त्याचा. ही सोय कधी प्रत्यक्षात आली तर गरीब देशांच्या खदान जिल्ह्यांना त्यातून काय, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा.

मग बालाघाटने काय समजावे?

लघुग्रहामुळे भरवेली किंवा मलाजखंड बंद पडणार नाही. आज नोकरीला लागणाऱ्या पोराच्या निवृत्तीपर्यंत तरी तशी चिन्हे नाहीत. पोलादाला मँगनीज लागतेच, त्याला पर्याय नाही. विजेच्या तारा, मोटारी, गाड्या यांना तांबे लागतेच.

खदानीला खरा धोका दुसरीकडून असतो. खोली वाढते, माल हलका होत जातो, परदेशी भाव पडतो, आणि माणसांच्या जागी मशीन येते. मलाजखंडची उघडी खदान आता भूमिगत होत चालली आहे. तिथे टिप्पर चालवता येणे पुरणार नाही. दुरून मशीन चालवणे, छताची देखभाल, हवा खेळती ठेवणे, सेन्सर वाचणे, ही कामे वाढतील. डिप्लोमा करणाऱ्याने हे शिकावे. लघुग्रहावर कधी खदान लागलीच तर तिथेही हीच कामे लागतील, तीही पृथ्वीवर बसून.

शेवटी सावधगिरीचे. आकाशातल्या खदानीच्या नावाने कोणी पैसे गुंतवा म्हणाले, तर त्याला पाच गोष्टी विचारा :

१) कोणता लघुग्रह, आणि तिथे यान पोचले आहे का?
२) टनामागे धातू किती, आणि तो कोणी मोजला?
३) माल साफ कुठे आणि कसा करणार?
४) परत आणायचे भाडे किलोला किती, आणि किती वर्षांनी?
५) घेणारा कोण, आणि एवढा माल आल्यावर भाव काय राहील?

हे पाच प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी सातपुड्यात मँगनीज शोधत फिरणाऱ्या इंग्रज कंपन्यांनाही हेच सोडवावे लागले. त्यांची उत्तरे जुळली तिथे खदान लागली, बाकी डोंगर आजही तसेच उभे आहेत.